केळी वेफर्सचं स्लायसर बनवून घेतलं त्या वर्कशॉपचा रिव्ह्यू (जळगाव एमआयडीसी)

आधीच सांगते, आज पैसे दिले आणि उद्या मशीन टेम्पोत टाकून घरी आणली असं ज्यांना पाहिजे त्यांनी इथे जाऊ नका, उगाच चक्कर होईल आणि मग मलाच शिव्या घालाल. पण डोक्यात एखादी गोष्ट घोळतेय, बाजारात तशी वस्तू मिळत नाही आणि ती चालेल की नाही हे तुमचं तुम्हालाही नक्की माहीत नाही, असं असेल तर जळगावात मला तरी याच्यापेक्षा भारी ठिकाण सापडलं नाही.

दुकानाला पाटी नाही. अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीत शिरायचं, चटईच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला एक पत्र्याचं शेड आहे, तिथे कोणालाही "अमळनेरवाले मिस्त्री" विचारा, चहावालासुद्धा सांगेल. नाव मुद्दाम टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलं की ताई नका टाकू, आधीच काम उरकत नाही.

आता आमचं थोडक्यात. आम्ही सावद्याकडचे, घरची केळी. बोर्डावर एक भाव लागतो आणि व्यापारी बांधावर येऊन दुसराच देतो हे रावेर यावल साइडच्या कोणालाही सांगायला नको. म्हणून भाव पडले की माल तसाच द्यायच्या ऐवजी थोड्या कच्च्या केळीचे वेफर्स करायचे असं मी आणि माझ्या जाऊबाईंनी सुरू केलं. चव जमली, गिऱ्हाईक पण जमलं, अडलं ते चकत्या पाडण्यावर. हाताने लाकडी किसणीवर थेट कढईवर चकत्या पाडायच्या म्हणजे वाफ तोंडावर, तेल मनगटावर, आणि मे महिन्यात आपल्याकडे तसंही ४५ च्या पुढे पारा जातो त्यात ती भट्टी. बायका टिकेनात कामाला, आणि त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

रेडीमेड मशीन मिळतात, नाही असं नाही. ऑनलाइन बघा, ढिगाने आहेत. पण त्यातल्या बऱ्याचशा मुळात बटाट्यासाठी केलेल्या असतात. बटाटा कसाही टाका, गोलच आहे तो, आडवा पडला काय नि उभा पडला काय. केळीला वाक असतो. नळीतून उभी सोडली की ती आत कलंडते आणि चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येते. कढईत गेली की पातळ बाजू करपते आणि जाड बाजू मऊच राहते, आणि दोन दिवसांनी पाकीट उघडलं की ती मऊ बाजू चिवट झालेली असते. गिऱ्हाईक परत येत नाही मग.

तर हा प्रॉब्लेम घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. भाऊजींनी (माझे दीर) कागदावर छान डिझाईन काढून नेलं होतं, माप बिप टाकून. मिस्त्रींनी कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं केळी आणली का. नव्हती आणली. म्हणाले पुढच्या वेळी कॅरेटभर घेऊन या, तुम्ही जी वापरता तीच, बाजारातली नको. तेव्हा मला जरा राग आला होता खरं म्हणजे, इतक्या लांबून गेलो आणि केळी आणा म्हणून परत पाठवलं. पण हा माणूस कागदावर काही ठरवतच नाही. वस्तू चालवून बघायची, मग बोलायचं.

पुढच्या वेळी गेलो तर जे काही टेबलावर ठेवलं होतं ते बघून भाऊजींचा चेहराच पडला. प्लायवुडची गोल तबकडी, जुन्या कुठल्यातरी कूलरची मोटर, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन ब्लेड, सगळं वेल्डिंगचे जेमतेम टाके मारून उभं केलेलं. भाऊजी माझ्या कानात, "हे काय होऊ राह्यलं, याचे पैसे द्यायचे का आपण?" द्यायचे होते, आणि दिले. ते का बरोबर होतं ते पुढे सांगते.

मिस्त्रींची पद्धत अशी की पहिली वस्तू ही मोडण्यासाठीच करायची. पूर्ण वेल्डिंग मारत नाहीत, नुसते टाके. पॉलिश नाही, रंग नाही, स्टेनलेस स्टील तर नाहीच नाही. त्यांचं म्हणणं असं की वस्तू एकदा देखणी झाली, तिच्यात पैसा गेला, की मग ती चुकीची आहे हे दिसत असूनही माणसाला तोडवत नाही, थोडं इकडे ठोक थोडं तिकडे घास करून तीच चालवायला बघतो. टाका मारलेली फ्रेम छिन्नीच्या एका ठोक्यात सुटते. मला हे ऐकून आमच्या सासूबाई आठवल्या, खापरावरचा पहिला मांडा त्या कधी ताटात वाढत नाहीत, तो फाटणारच धरून चालतात, त्याच्यावरून खापर किती तापलंय आणि पीठ कसं झालंय ते बघतात फक्त.

ती पहिली ट्रायल कामाची नव्हती. म्हणजे चकत्या पडल्या, पण निम्म्या तुटलेल्या. आणि इथून पुढे जे झालं त्याच्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

भाऊजी म्हणाले नळी बारीक करा, स्पीड कमी करा, आणि ब्लेडचा कोन पण बदला, तिन्ही करून टाका, वेळ वाचेल. मिस्त्रींनी हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "एक टाईमले एकच." त्यांचं लॉजिक साधं आहे, तिन्ही एकदम बदललं आणि सुधारलं तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेही कळत नाही, म्हणजे पैसे जातात आणि हातात काही येत नाही. हे शाळेत सायन्सच्या पुस्तकात वाचलेलं असतं आपण सगळ्यांनी, पण स्वतःचे पैसे आणि स्वतःचा माल पणाला लागला की कोणी पाळत नाही. हे पाळतात. शेडचं शटर आतून बघा कधी गेलात तर, पूर्ण शटरवर खडूने लिहिलेलं असतं, तारीख, कोणाचं काम, काय बदललं, काय झालं. आमच्या नावाखाली पण मोठी यादी झाली होती. शटर वर गेलं की गुंडाळून दिसेनासं होतं, म्हणून रोज बंद करताना मोबाईलवर फोटो काढतात. मी म्हटलं वही करा ना मिस्त्री, तर म्हणे वही तेलकट होते आणि मग कोणी उघडत नाही, शटर रोज ओढावंच लागतं.

तर आधी स्पीड. साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तबकडीवर दोन ब्लेड, म्हणजे सेकंदाला ४८ चकत्या. तेवढ्या वेगाने केळी आत ढकलावी लागते, मग ती दाबली जाते, चकती तुटते, चीक उडतो. मोटरला दोन इंचाची पुली आणि शाफ्टला आठ इंचाची लावली की ३६० फेरे होतात, सेकंदाला १२ चकत्या. दीड मिलीमीटरची चकती धरली तर केळी सेकंदाला साधारण पावणेदोन सेंटीमीटर खाली सरकते, म्हणजे हलका हात ठेवला तरी पुरतं, दाबावं लागत नाही. हा हिशोब त्यांनी जमिनीवर खडूने करून दाखवला. मी कॉमर्सवाली, पण मला कळला.

तुटणं थांबलं. जाड-पातळ चालूच.

मग नळी. बारीक नळी केली तर केळी कलंडत नाही पण जाड केळी अडकते, आणि घडातल्या वरच्या फणीतली आणि खालच्या फणीतली केळी एका जाडीची नसते हे शेतकऱ्याला काय सांगायचं. मग एकाच्या ऐवजी दोन मापाच्या नळ्या करून बघितल्या, पण मग माल आधी निवडावा लागतो, एक बाई त्याच्यातच अडकते. मग आतून रबराच्या पट्ट्या लावल्या, चीक लागून दहा मिनिटांत चिकट झाल्या. मग नळी तिरकी केली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. प्रत्येक वेळी शटरवर एक ओळ. भाऊजींनी तर एका वेळेस यायचंच सोडलं, म्हणे पावडर करू केळीची, वेफर्स नकोच.

ते पावडरचं म्हणाले म्हणून आठवलं. जळगावात केळी पावडरचा एक प्लांट होता, तो काही नीट चालला नाही, आणि १९७८ मध्ये जैन इरिगेशनच्या भवरलाल जैन यांनी तो घेतला आणि त्याच्यात फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला सुरुवात केली. आज जैन म्हटलं की सगळ्यांना ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळी आठवते, पण त्याच्या आधी हे आहे, केळीसाठी उभी केलेली मशिनरी पपईला लावून बघणं. आपल्याकडे लोक शेवटचं फळ बघतात, मधली खटपट कोणी सांगत नाही. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "व्हई जाई ताई, आपलं बी व्हई जाई."

आणि झालं ते कसं, तर आमच्याबरोबर आलेल्या कामवाल्या मावशींमुळे. त्या बिचाऱ्या ट्रायलसाठी केळी सोलत बसल्या होत्या, हाताला तेल लावून, कारण चिकाने बोटं काळी होतात. एक लांब केळी बादलीत मावेना म्हणून त्यांनी मधून कापून दोन तुकडे केले. मिस्त्रींनी तो तुकडा उचलला, फिरवून बघितला, आणि नळीत सोडला. सरळ गेला. अख्ख्या केळीचा वाक जेवढा दिसतो तेवढा अर्ध्या तुकड्याला राहतच नाही, जवळजवळ सरळच असतो तो. चकत्या काढून व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावलं, दोन्ही बाजू सारख्या. इतके दिवस आम्ही मशीनला केळीसारखं करायला बघत होतो आणि एक सुरी मारून केळीच मशीनसारखी झाली. अर्थात मिस्त्रींनी लगेच उड्या मारल्या नाहीत, कॅरेटभर तुकडे घातले, वरच्या फणीतले खालच्या फणीतले, मग शटरवर लिहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा किस्सा. ट्रायल मशीन त्यांनी घरी न्यायला दिली, म्हणाले शेडमध्ये चाललं म्हणजे चाललं असं नाही, तुमच्या कढईवर चालवा. पहिला घाणा मस्त निघाला, पिवळाधमक. तीन-चार दिवसांनी परत काढला तर वेफर्स लालसर तपकिरी, काही तर काळपट, आणि चव कडवट. घरात सगळ्यांचं एकमत की मशीनमुळे. लोखंड लागतंय, ब्लेड तापतंय, काय काय. मी तणतणत फोन केला. मिस्त्री म्हणाले त्याच कॅरेटमधली केळी, तीच कढई, तेच तेल, आणि चकत्या जुन्या किसणीवर हाताने पाडा, मग मला फोन करा.

हाताने पाडलेल्या पण तशाच तपकिरी आल्या.

फोनवर म्हणतात कसे, "ताई, मशीनना दोष नई, केयं पिकाले लागनात." आणि तेच होतं. घड झाडावरून कापून ठेवून तीन-चार दिवस झाले होते, माल बाहेरून हिरवाच दिसत होता पण आत पिष्टमयाची साखर व्हायला लागली होती, आणि साखर वाढली की तेलात रंग चढणारच, तुम्ही सोन्याच्या सुरीने कापा. म्हणून वेफर्सला पूर्ण भरलेली पण पिकायला न लागलेली केळीच लागते, आणि कापल्यावर लवकर वापरावी लागते. आम्ही जर त्या दिवशी मशीन बदलत बसलो असतो तर वर्षभर बदलतच राहिलो असतो.

पण काळपटपणाचा एक भाग मात्र मशीनचा निघाला. नीट बघितलं तर काही चकत्यांच्या कडेला काळी रेघ होती, हाताने पाडलेल्यांना नव्हती. ट्रायलचे ब्लेड साध्या पोलादाचे होते, आणि कच्च्या केळीत टॅनिन असतं, ते लोखंडाशी मिळालं की काळं पडतं. म्हणजे घाण्यात दोन वेगवेगळे काळे होते, एक केळीचा आणि एक ब्लेडचा, आणि हाताने पाडून बघितलं म्हणून ते वेगळे झाले. फायनलला ब्लेड स्टेनलेसचे बसवले, रेघ गेली.

कशात चूक आहे तेच चुकीचं धरलं की किती वेळ जातो याचं मोठं उदाहरण कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम, ज्यांनी स्वस्त सॅनिटरी पॅडची मशीन केली. ते कापूस वापरून वापरून थकले, जमेना, आणि दोनेक वर्षांनी कळलं की कंपनीच्या पॅडमध्ये कापूस नसतोच, लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज असतं. कापसाचा आकार, जाडी, घडी काहीही बदललं असतं तरी जमलं नसतं. आम्हाला निदान कॅरेटभर केळीतच कळलं.

अजून एक बदल झाला तो कढईपाशी. माझी कल्पना होती की मशीन थेट कढईवर ठेवायची, चकती सरळ तेलात. सेकंदाला १२ चकत्या एकाच जागी पडल्या तर गठ्ठा होतो, एकमेकींना चिकटतात, आणि वाफ सगळी मोटरवर. मग चकत्या पाण्यात पाडून मग तळल्या, चिकटायच्या थांबल्या पण ओल्या चकत्यांनी तेल असं उसळतं की विचारू नका, आणि तळायला वेळ जास्त, गॅस जास्त. शेवटी मशीन कढईपासून लांब आणि मध्ये एक स्टीलचा उतार, त्याला हँडल, ते हाताने डावी-उजवीकडे फिरवायचं, चकत्या कढईभर पसरून पडतात. दिसायला गावठी आहे. चालतं मस्त. हळद-मिठाचं पाणी मात्र आम्ही अजूनही जुन्या पद्धतीने तेलातच सोडतो, लांब दांड्याच्या पळीने, ते मशीनमध्ये आणायचा नाद सोडला.

पैशांचं. ते तासावर पैसे घेतात आणि ट्रायल फेल गेली तरी घेतात, हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात. फ्रेमचं भंगार, टाके, जुनी मोटर याचे वेगळे पैसे लावत नाहीत, तो माल त्यांचाच राहतो. त्यामुळे फेल ट्रायलचा खर्च हजार-दीड हजाराच्या वर फार जात नव्हता, आणि तीच चूक स्टेनलेसमध्ये केली असती तर प्रत्येक वेळेस दहा-बारा हजार गेले असते. सगळे फेल गेलेले तुकडे शेडच्या एका कोपऱ्यात ठेवलेले असतात, भंगारवाल्याला देत नाहीत. आमची तिरकी नळी मी नंतर दुसऱ्याच एका माणसाच्या मशीनला लावलेली बघितली, ठिबकच्या नळ्या गुंडाळायच्या यंत्राला, तिथे फिट बसली म्हणे. एकजण पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटायचा चिमटा सुधारून घ्यायला आला होता, त्याचे पण चार-पाच वाकलेले नमुने तिथे पडलेले. बसायला खुर्ची नसते पण हे बघण्यात वेळ जातो.

आता तक्रारी. आहेत, आणि कमी नाहीत.

पहिली म्हणजे वेळ. "परवा" हा शब्द ते कोणत्याही दिवसासाठी वापरतात. फोन उचलत नाहीत, ग्राइंडर चालू असतो म्हणतात, पण संध्याकाळी पण ग्राइंडर कसा चालू असतो ते मला कळलेलं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी काम होत नाही, पहाटे सहा ते दहा आणि मग एकदम संध्याकाळी, त्यात लाइट गेली की संपलं. लांबून येणाऱ्यांनी हे धरूनच निघा.

दुसरं, सेफ्टी. ट्रायल मशीनवर पट्ट्याला कव्हर नव्हतं. आमच्याकडे साडी-ओढणीवाल्या बायका काम करतात, पट्टा उघडा चालणार नाही म्हणजे नाही. मी सांगितल्यावर त्यांनी लगेच जाळी मारून दिली, फायनलला तर नीट पत्र्याचं कव्हर आणि केळी ढकलायला लाकडी दट्ट्या पण दिला, बोट आत जातच नाही. पण मला सांगावं लागलं. ट्रायल आहे म्हणून बोट कमी कापतं असं नसतं ना. घरी न्यायला देताय तर कव्हर पाहिजेच. याचे मी मार्क कापलेत.

तिसरं, स्टील. खाण्याच्या वस्तूला ३०४ ग्रेड लागतं असं आम्ही सांगितलं होतं. बाजारात २०२ स्वस्त मिळतं आणि चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, दोन्हीला ते धड चिकटत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायची टेस्ट असते. मिस्त्रींनी स्वतःहून केली नाही, पण मी बाटली घेऊन गेले तर कुरकुर न करता प्रत्येक पत्र्यावर टाकू दिली. माल बरोबर निघाला. तुम्ही पण बाटली घेऊन जा.

चौथं आणि सगळ्यात मोठं, कागदपत्र. पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत आमच्या वेळी छोट्या फूड युनिटला ३५ टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त १० लाख, आणि त्यातल्या 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये जळगाव जिल्ह्याला केळीच होती. पण ती कर्जाला जोडलेली होती आणि बँकेला कोटेशन लागतं. कोटेशनवर मॉडेल, माप, किंमत सगळं आधी लिहून पाहिजे. इथे तर काय बनणार तेच आधी माहीत नसतं! ट्रायलचा खर्च दाखवायला कुठल्या कागदावर जागाच नाही. रेडीमेड मशीन घेतली असती, भले ती बटाट्याची असती आणि पडून राहिली असती, तर सबसिडी बसली असती. हा दोष मिस्त्रींचा नाही हे मान्य, पण बिल द्यायला त्यांनी जो वेळ लावला तो त्यांचाच. ट्रायलचे पैसे खिशातूनच जाणार हे धरा, आणि फायनल डिझाईन ठरल्यावर मग कोटेशन मागा.

अजून एक गोष्ट, तक्रार म्हणू की नको कळत नाही. मिस्त्री स्वतःहून कधीच "झालं" म्हणत नाहीत. मशीन चालायला लागल्यावर पण ब्लेडचा कोन दोन डिग्री बदलून बघू, चीक कमी साचेल, असं चालूच. त्यांना मजा येते त्यात, आणि मीटर आपला चालू असतो. थांबायचं आपल्याला ठरवावं लागतं. आम्ही चकत्यांची जाडी एकसारखी आणि तुटफूट थोडी एवढ्यावर थांबलो. चीक अजून साचतो, दर तासाला मशीन थांबवून ब्लेड पुसतो, पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी अजून पैसे घालायची माझी तयारी नव्हती. तुम्ही जाल तेव्हा कुठे थांबायचं ते आधीच कागदावर लिहून न्या. भाऊजींच्या डिझाईनपेक्षा तो कागद जास्त कामाला आला असता.

सध्या मशीन रोज चालतेय. आधी जे दिवसभर तिघींचं काम होतं ते आता दुपारच्या जेवणाच्या आत उरकतं, आणि कढईपाशी उभं राहायला कोणी कटकट करत नाही. भाऊजींनी पावडरचं नाव काढणं बंद केलंय, उलट आता गल्लीतल्या प्रत्येकाला दट्ट्या कसा धरायचा ते तेच दाखवतात. सोलायचं काम अजून हातानेच आहे. त्याचं विचारलं तर मिस्त्री म्हणाले कच्ची केळी सोलायची मशीन हे माझ्याच्याने होईल असं आत्ता वाटत नाही, आणि नुसतं करून बघू म्हणून तुमचे पैसे घेणार नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण इतके दिवस मला वाटत होतं हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही.

पाचपैकी चार देते. अर्धा कव्हरसाठी कापला, अर्धा त्या बिलासाठी. ज्यांना आमची मशीन चालताना बघायची असेल त्यांनी सकाळी आठ ते अकरा या, आधी मेसेज टाका. आणि मिस्त्रींकडे जायचं असेल तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात जाऊ नका, ते अमळनेरला गेलेले असतात आणि शेडला कुलूप असतं. जाताना तुमचा माल घेऊन जा, भरपूर, आणि कापणीचा दिवस कॅरेटवर लिहून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात.